ॲनिमोन आजारी आहे का? खाऱ्या पाण्याचा टँक ठेवणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ॲनिमोन (समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा सागरी प्राणी) बिघडला की त्याच्यावर उपाय करायची घाई होते. प्रत्यक्षात दहातल्या बहुतेक वेळा बिघाड टँकमध्ये असतो आणि ॲनिमोन फक्त तो दाखवत असतो. म्हणून खालच्या उत्तरांमध्ये औषधांपेक्षा निरीक्षण आणि पाण्याची तपासणी जास्त येईल.

काल मस्त फुलला होता, आज आक्रसून एवढासा झालाय. मेला का?

बहुधा नाही. ॲनिमोनला हाडं नसतात, कवच नसतं. शरीर म्हणजे पाण्याने भरलेली स्नायूंची पिशवी, त्यामुळे ताटलीएवढा दिसणारा ॲनिमोन थोड्या वेळात लिंबाएवढा होऊ शकतो. खाल्लेलं पचल्यावर टाकाऊ भाग बाहेर काढताना तो आतलं पाणी सोडतो आणि काही तास लोळागोळा होऊन बसतो. रात्री दिवे गेल्यावर आक्रसणं, पाणी बदलल्यावर आक्रसणं, माशाने ढोसल्यावर आक्रसणं, हे सगळं रोजचंच.

एका वेळच्या दिसण्यावरून निदान होत नाही. दिवे लागल्यावर दोनेक तासांनी रोज एक फोटो काढा, शक्यतो त्याच जागेवरून. चार-पाच फोटो शेजारी ठेवले की तो सावरतोय की खालावतोय ते कळतं, आणि मदत मागायची वेळ आली तर समोरच्यालाही काहीतरी ठोस दाखवता येतं.

मग खरंच आजारी आहे हे ओळखायचं कशावरून?

मी आधी तोंड बघतो, मग पाय, मग चिकटपणा. रंग सगळ्यात शेवटी.

तोंड घट्ट मिटलेलं, फारतर बारीक फट असलेलं हवं. खाताना आणि घाण टाकताना ते उघडतं, पण नंतर मिटतं. दिवसभर तोंड सैल पडून वासलेलं असेल आणि आतला पांढरट भाग दिसत असेल, तर गडबड आहे. काही जातींचं तोंड मुळातच थोडं सैल दिसतं, म्हणून तुमचा ॲनिमोन बरा असताना त्याचं तोंड कसं होतं हे माहीत असणं फार उपयोगाचं.

पाय म्हणजे बुडाची ती चकती. बबल टिपसारख्या जाती ती दगडाच्या फटीत रोवतात. हॅडोनी कार्पेट आणि लाँग टेंटॅकल या जाती ती वाळूत पुरतात आणि खाली कठीण तळ किंवा दगड धरतात. निरोगी पाय सहज सुटत नाही. तो कुठेच चिकटत नसेल, ॲनिमोन प्रवाहाबरोबर घरंगळत असेल, तर काळजी करा. पायाला चीर किंवा भोक दिसलं तर जास्तच. दुकानातून आणलेल्या ॲनिमोनच्या मृत्यूमागे काचेवरून किंवा दगडावरून खरवडून काढताना फाटलेला पाय हे नेहमीचं कारण असतं.

चिकटपणा टेंटॅकलच्या, म्हणजे तोंडाभोवतीच्या बोटांसारख्या शुंडांच्या, दंशपेशींमुळे येतो. प्लास्टिकची बारीक काडी किंवा चिमट्याने धरलेला खाऊ टेंटॅकलला हलकेच लावा. तो लगेच पकडला गेला तर जीव शाबूत आहे. लावूनही टेंटॅकल मलूल राहिले, खाऊ घसरून पडला, तर अंगात त्राण उरलेलं नाही. ही तपासणी बोटाने करू नका, विशेषतः कार्पेट ॲनिमोनवर. काहींची त्वचा त्या डंखाने चांगलीच भाजते.

या तिन्हींत बिघाड असेल तर त्याच दिवशी हालचाल करा. एकातच असेल तर पाणी तपासा आणि वाट बघा.

तोंडातून तपकिरी, दोऱ्यासारखं काहीतरी बाहेर पडतंय.

न पचलेलं अन्न, शेंबूड आणि त्याच्या अंगात राहणारं, पण टाकून दिलेलं शैवाल यांचं ते मिश्रण असतं. अधूनमधून आलं तर ती विष्ठा समजा. रोज भरपूर येत असेल आणि सोबत रंग फिका होत असेल, तर ॲनिमोन अंगातलं शैवाल बाहेर फेकतोय. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

तोंडातून आतडी बाहेर आल्यासारखी दिसतात.

टाकाऊ भाग काढताना घशाचा भाग थोडा वेळ उलटा बाहेर येऊ शकतो. तासाभरात आत गेला तर सोडून द्या. दुसऱ्या दिवशीही बाहेरच असेल, त्यातून पांढरे धागे लोंबत असतील, तर ताण मोठा आहे: पाण्याची क्षारता (मिठाचं प्रमाण) अचानक बदलली असेल, तापमान चढलं असेल, किंवा संसर्ग असेल. हाताने किंवा चिमट्याने ते आत ढकलायचा प्रयत्न करू नका.

सगळ्यात आधी कोणती टेस्ट करू?

क्षारता. अमोनिया दुसऱ्या नंबरवर, तापमान तिसऱ्या. बाकीच्या टेस्ट नंतर केल्या तरी चालतात.

क्षारता ३५ पीपीटीच्या (दर हजार भागांत ३५ भाग मीठ) आसपास, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६ हवं. मोजायचं साधनच चुकीचं असणं हा या छंदातला जुना घोळ आहे. काट्याचा प्लास्टिक हायड्रोमीटर बुडबुडे चिकटल्यावर काहीही दाखवतो. रिफ्रॅक्टोमीटरसुद्धा शुद्ध पाण्याने शून्यावर आणून भागत नाही. ३५ पीपीटीच्या द्रावणाने जुळवून घ्या, कारण तुम्हाला अचूकपणा तिथेच हवाय. बाष्पीभवनाची भरपाई करणारा स्वयंचलित पंप अडकला, तर रात्रीतून गोडं पाणी ओतलं जाऊन क्षारता कोसळते. सकाळी मासे ठणठणीत आणि ॲनिमोन कोसळलेला दिसला की मी आधी त्या पंपाची टाकी किती रिकामी झाली ते बघायला सांगतो.

अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. तापमान २५ ते २७ अंश सेल्सिअस चांगलं. ३० च्या वर काही दिवस राहिलं की अंगातलं शैवाल जायला लागतं. पीएच ८.० ते ८.४, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल रिचवून पीएच टिकवण्याची क्षमता) ८ ते ११ डीकेएच, हे तिचं एकक. नायट्रेट २ ते २० मिलिग्रॅम प्रतिलिटर असलं तरी बिघडत नाही. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही ओढूनताणून शून्यावर आणलेला टँक मात्र ॲनिमोनसाठी उपासमारीचा असतो, आणि 'माझं पाणी एकदम स्वच्छ आहे' असं अभिमानाने सांगणाऱ्यांकडेच फिकट ॲनिमोन बऱ्याचदा दिसतात.

आकडा बरोबर आहे की नाही यापेक्षा तो गेल्या आठवड्यात किती हलला हे विचारा. अल्कलिनिटी ८ असो की १०, ॲनिमोन निभावून नेतो. दोन दिवसांत ७ वरून ११ वर गेली तर नाही.

सगळ्या टेस्ट बरोबर येतात, तरी खालावतोय.

मग किटमध्ये न दिसणाऱ्या गोष्टींकडे वळा.

तांबं हा पहिला संशयित. माशांच्या बऱ्याच औषधांत ते असतं आणि पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांना अगदी थोडंही घातक ठरतं. कधीकाळी त्या टँकमध्ये तांब्याचं औषध वापरलं असेल, तर ते दगड-वाळूत मुरतं आणि नंतर हळूहळू सुटत राहतं. जुना टँक सामानासकट विकत घेतलेल्यांनी हे विक्रेत्याला जरूर विचारावं. गंजलेला स्क्रू, पाइपची क्लिप, चिरलेलं वेव्हमेकरचं (टँकमध्ये प्रवाह निर्माण करणाऱ्या पंख्याचं) चुंबक, पाण्यातल्या पंपाची उघडी पडलेली वायर, हेही हात घालून नाही, वीज बंद करून तपासा. घरगुती किट धातूंचं अल्प प्रमाण पकडत नाही. त्यासाठी पाण्याचा नमुना आयसीपी तपासणीला (प्रयोगशाळेत होणाऱ्या मूलद्रव्यांच्या सूक्ष्म तपासणीला) पाठवावा लागतो.

शेजारी हा दुसरा. लेदर कोरलसारखे मऊ कोरल पाण्यात रसायनं सोडून जागेसाठी भांडतात. दोन वेगळ्या जातींचे ॲनिमोन एका टँकमध्ये ठेवले तरी असं होऊ शकतं, आणि हरणारा हळूहळू आक्रसत जातो. ॲक्टिव्हेटेड कार्बन (रसायनं शोषणारा कोळसा) चालू करा आणि तो वेळेवर बदलत राहा. दोनतीन दिवसांत फरक पडला तर कारण जवळपास सापडलं म्हणायचं. (कार्बनने पाण्याचा पिवळेपणा जातो आणि उजेड एकदम वाढतो, तेव्हा दिवे थोडे मंद करा.)

तिसरा संशयित म्हणजे घरातली फवारणी: डासांचं औषध, काच पुसायचं द्रावण, हाताला लावलेलं क्रीम. हवेचा पंप टँकजवळ असेल तर खोलीतलं सगळं तो पाण्यात ढकलत असतो.

आणि टँकचं वय. सहा महिन्यांच्या आतल्या टँकमध्ये आकडे ठीक दिसले तरी स्थैर्य आलेलं नसतं. तिथे ॲनिमोन ठेवणं मला पटत नाही, मग आकडे काहीही असोत.

माझा ॲनिमोन पांढराशुभ्र आहे. सुंदर दिसतो. हा आजार आहे का?

हो, आणि दुर्दैवाने तो 'सुंदर' म्हणून विकलाही जातो. यजमान (क्लाउनफिशला आसरा देणाऱ्या) ॲनिमोनच्या पेशींमध्ये झूझँथेली नावाचं सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा ॲनिमोनला मिळतो. उष्णता, अंधार, अचानक प्रखर उजेड किंवा प्रवासाचा ताण यांमुळे ते शैवाल गेलं की मागे पांढरं, काहीसं पारदर्शक शरीर उरतं. सेबी ॲनिमोन निरोगी असताना तपकिरी किंवा पिवळसर करडा असतो. दुकानातला जांभळ्या टोकांचा पांढरा सेबी बहुधा उपाशी असतो. झगझगीत एकसारखा पिवळा किंवा गुलाबी ॲनिमोन दिसला तर तो रंगवलेला असण्याची दाट शक्यता. तसा रंग देण्याआधी त्याचं शैवाल गेलेलं असतं. असा ॲनिमोन दया येऊन घेऊ नका. तुमच्यानंतर दुकानदार तसाच आणखी एक मागवेल.

आधीपासून घरी असलेला पांढरा पडला असेल, तर तोंड आणि पाय बघा. दोन्ही ठीक असतील तर तो वाचू शकतो, मात्र महिने लागतात. शैवालच नाही म्हटल्यावर उजेडाचा मारा करून फायदा नाही. मध्यम उजेड द्या आणि काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने वाढवा. दरम्यान पोट तुम्हाला भरावं लागेल: आठवड्यातून दोनतीनदा मायसिस (कोळंबीसारखे बारीक सागरी जीव) किंवा कोळंबीचा अगदी बारीक तुकडा. हळूहळू टेंटॅकलच्या बुडाकडून तपकिरी छटा यायला लागली की सुटकेचा श्वास सोडा.

सगळेच फिके ॲनिमोन या प्रकारात बसत नाहीत. हिरव्या, लाल रंगद्रव्यांचा बबल टिप अंगातलं बरंच शैवाल गमावूनही रंगीत दिसू शकतो. अशा वेळी पारदर्शकता बघा. टेंटॅकलमधून पलीकडचं दिसायला लागलं तर ते चिन्ह चांगलं नाही.

उलट झालंय. रंग गडद तपकिरी होतोय.

उजेड कमी पडतोय किंवा पाण्यात पोषक द्रव्यं जास्त आहेत, म्हणून शैवाल वाढलंय. जिवाला धोका नाही. सोबत तो मान उंचावल्यासारखा लांबट झाला असेल तर दिवे वाढवा, पण सावकाश.

बबल टिपचे बुडबुडे गेले आणि टेंटॅकल सरळ झाले.

हा आजार नाही. बुडबुडे का येतात आणि का जातात यावर शौकिनांत वर्षानुवर्षं वाद आहे. कुणी उजेडाला कारण मानतं, कुणी क्लाउनफिशला. बाकी सगळं ठीक असेल तर सोडून द्या.

सारखा जागा बदलतोय.

नवा असेल तर आठवडाभर फिरू द्या, तो जागा शोधतोय. जुना, स्थिरावलेला ॲनिमोन अचानक चालू पडला तर अलीकडे काय बदललं ते आठवा: नवा दिवा, वेव्हमेकरची दिशा, सरकलेला दगड. काचेवर वर चढत असेल तर उजेड हवाय, दगडामागे लपत असेल तर उजेड जास्त झालाय, असा साधारण अंदाज बांधता येतो. मॅग्निफिका जातीचा ॲनिमोन मुळात उंच, उघड्या, जोरदार प्रवाहाच्या जागेवर बसणारा. त्याला खाली कोपऱ्यात बसवलंत तर तो तिथे राहणार नाही.

तुम्ही निवडलेल्या जागी त्याला पुन्हा पुन्हा आणून ठेवू नका. हलवणं अगदीच भाग असेल तर दगडासकट उचला.

पण वेव्हमेकर आणि पंपाच्या तोंडाला जाळी किंवा फोम आजच लावा. आत ओढला गेलेला ॲनिमोन स्वतः तर चिरडतोच, त्याचे तुकडे आणि दंशपेशी टँकभर पसरून मासेही जातात. तसं घडलंच तर आधी वीज बंद, मग तुकडे काढणं, मोठं पाणी बदल, नवा कार्बन, आणि पुढचे दोन दिवस अमोनियावर नजर. किरकोळ जखम असेल आणि तोंड-पाय शाबूत असतील तर ॲनिमोन आश्चर्य वाटावं इतका भरून येतो.

मधोमध फाटतोय!

बबल टिप असेल तर तो दोन होत असेल. तोंड लांबट होतं, शरीर दोन दिशांना ओढलं जातं, कडा फाटक्या दिसतात. एकदोन दिवसांत दोन वेगळे जीव होतात आणि जखम मिटायला आणखी काही दिवस जातात. चांगलं खाऊनपिऊन वाढलेला ॲनिमोन असा विभागतो, आणि ताणाखालचाही. त्यामुळे आनंद साजरा करण्याआधी पाणी तपासा. त्या काळात खायला देऊ नका. कार्पेट जातीचा ॲनिमोन फाटत असेल तर ते विभाजन समजू नका, तो संकटात आहे.

क्लाउनफिशच त्याला छळतोय असं वाटतं.

छोटा ॲनिमोन आणि मोठी मादी, त्यातही मरून क्लाउन, अशी जोडी असेल तर तुमचं खरं आहे. ती सतत घुसळत राहते आणि ॲनिमोनला उघडायलाच मिळत नाही. प्लास्टिकच्या जाळीची टोपली काही दिवस ॲनिमोनवर उपडी ठेवा. फुलला, तर गुन्हेगार सापडला. खाऊ पळवणाऱ्या क्लीनर कोळंबीलाही याच टोपलीने आवर बसतो. ती तोंडात हात घालून घास काढते आणि आतून जखमही करते. काही फुलपाखरू मासे तर ॲनिमोन चक्क कुरतडून खातात.

नवीन आणलाय. रोज पूर्ण फुगतो, मग पूर्ण कोसळतो, पुन्हा फुगतो. हे नेहमीचंच ना?

प्रवासानंतर एकदोन दिवस चालतं. त्यापुढे हा खेळ रोज होत असेल, प्रत्येक वेळी तोंड जास्त सैल पडत असेल, तर जिवाणूंचा संसर्ग समजावा. मॅग्निफिका आणि जायगँटिया कार्पेटमध्ये हे विशेष दिसतं आणि तिथे वाट बघण्यात अर्थ नाही.

अनुभवी मंडळी यावर वेगळ्या टँकमध्ये सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक वापरतात. रूढ पद्धत अशी: सुमारे ३८ लिटर पाण्याला २५० मिलिग्रॅम, रोज सगळं पाणी बदलून नवा डोस, साधारण सात दिवस. हे औषध उजेडात विघटित होतं म्हणून ते दिवे मालवल्यावर घालतात आणि दिवसा नेहमीचा उजेड देतात. रोजचं नवं पाणी त्याच क्षारतेचं आणि तापमानाचं नसेल तर औषधाआधी तोच धक्का त्याला मारेल. मुख्य टँकमध्ये प्रतिजैविक कधीही ओतू नका, तिथले उपयोगी जिवाणूही मरतील. आणि जलचरांचा पशुवैद्य मिळत असेल तर त्याला विचारूनच करा. घरात पडून असलेली गोळी हा काही उपचार नव्हे.

गोड्या पाण्याची किंवा आयोडीनची डिप देऊ का, म्हणजे त्यात थोडा वेळ बुडवून काढू का?

नको. गोड्या पाण्याने पेशी फुगून फुटतात. आयोडीनची कोरल डिप आधीच कोसळलेल्या ॲनिमोनला झेपत नाही.

अशक्त झालाय, भरपूर खायला घातलं तर सावरेल?

अशक्त ॲनिमोनला मोठा तुकडा देणं म्हणजे त्याचं काम वाढवणं. पचवायला शक्ती लागते. ती नसेल तर तुकडा आतच सडतो. तोंड वासलेलं असताना काहीच देऊ नका. चिकटपणा परत आला की फार तर तोंडाएवढा घास, प्रवाह बंद करून. काही तासांनी तो जसाच्या तसा बाहेर आला तर पुढच्या वेळी निम्मा.

त्याचं वय झालं असेल का?

ही पळवाट फारशी टिकत नाही. जॉन डॅलिएल या निसर्ग-अभ्यासकाने १८२८ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून एक साधा बीडलेट ॲनिमोन आणला होता. तो 'ग्रॅनी' नावाने प्रसिद्ध झाला, खुद्द डॅलिएल यांच्या पश्चात कितीतरी वर्षं जगला आणि १८८७ मध्ये गेला. तोही काचेच्या बरणीत, पंप नाही, स्किमर (फेसावाटे घाण काढणारं यंत्र) नाही, फक्त समुद्राचं ताजं पाणी नेमाने बदललं जायचं. तुमच्याकडे दोन वर्षांत मेलेला ॲनिमोन म्हातारा नव्हता.

मेला हे नक्की कसं ओळखायचं? कधी काढायचा?

हातमोजे घालून त्याच्यावरचं थोडं पाणी पिपेटने ओढून हुंगा. कुजलेला, अंगावर येणारा वास आला, स्पर्श केल्यावर शरीर शेंबडासारखं विरघळायला लागलं, टेंटॅकल गळून पडत असले, तर तो मेला. तासाभरात बाहेर काढा, कारण मोठा ॲनिमोन सडला की लहान टँकमधला अमोनिया रात्रीतून माशांना मारण्याइतका चढतो. अवशेष सायफनने ओढा, पाणी बदला, कार्बन घाला.

वास नसेल, हलका स्पर्श केल्यावर जरासा जरी आखडला, तर काढू नका. शंका असेल तर मुख्य टँकमधल्याच पाण्यात, जाळीच्या पेटीत ठेवा. तिथे तो सडला तरी लगेच दिसतो आणि सावरला तर काही बिघडलेलं नसतं.

नवा कधी आणू?

जुना का गेला याचं उत्तर सापडल्यावर. कारण तांबं निघालं तर तो दगड आणि ती वाळू बदलल्याशिवाय आणू नका. कारण पंपाचं असेल तर तो दुरुस्त करून दोनतीन महिने क्षारतेची वही भरा आणि ती बघून ठरवा. कारण सापडलंच नाही, तर बबल टिपच्याच, दुसऱ्याच्या टँकमध्ये विभागून तयार झालेल्या पिल्लाने सुरुवात करा. तो समुद्रातून ओढून आणलेला नसतो, टँकच्या आयुष्याला सरावलेला असतो. आणि घेताना दुकानातल्या काचेला तो स्वतःच्या पायाने चिकटलाय की नुसता पडलाय, एवढं तरी डोळ्यांनी बघून घ्या.